जुन्या गाडीच्या पॉवर विंडो मंदावल्या आहेत, मोटर बदलण्याआधी काय काय तपासायचं?

कात्रज_घाट

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढच्या दोन्ही काचा मूळच्याच पॉवर विंडोच्या, मागच्या हाताने फिरवायच्या. काच वर-खाली करणारं मशीन तारेचं आहे (मोटर तार ओढून काच सरकवते), कात्रीसारख्या हातांचं नाही. स्विच साधे, एका टिचकीत काच पूर्ण वर जाण्याची किंवा अडथळा आला की उलटी फिरण्याची सोय नाही.

लक्षणं अशी. ड्रायव्हरकडची काच इंजिन चालू असताना खाली जायला ४ सेकंद घेते आणि वर यायला ११. शेवटची चार बोटं तर रखडतच. इंजिन बंद करून नुसती चावी ऑन ठेवली की तिथेच अडकते. मग दोन्ही तळवे काचेला लावून वर ओढावी लागते. डावीकडची काच तिच्या स्वतःच्या स्विचने ६ सेकंदांत वर येते, पण ड्रायव्हरच्या मेन स्विचने दाबली तर ९ लागतात. पावसात काचा ओल्या असल्या की दोन्ही जरा बऱ्या चालतात.

काळी फिल्म होती, ती २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काढली. बॅटरी चांगली आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं मोटर गेली, नवी टाका. मल्टिमीटर घरी आहे, दार उघडायची तयारीही आहे. मोटर खरंच गेली आहे का हे कसं ठरवायचं? आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) लावून काच फास्ट होते म्हणतात, त्यात कितपत तथ्य?

---

बारा_व्होल्ट

मोटरवर संशय घ्यायला अजून वेळ आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच निम्मं निदान आहे.

खाली ४, वर ११. मोटर दोन्हीकडे तीच, फक्त प्लस-मायनस उलटे होतात. तारेच्या मशीनला काचेचं वजन तोलणारी स्प्रिंग सहसा नसते, म्हणून वर जाताना थोडा जास्त वेळ लागणारच. पण धडधाकट दारात हा फरक सेकंद-दीड सेकंदाचा असतो, तिपटीच्या घरातला नाही. एवढा फरक पडला की काच कुठेतरी घासतेय किंवा मोटरला जोर पुरत नाही. ओली काच बरी चालते, हे रबराकडे बोट दाखवतं; पाणी तिथे वंगणाचं काम करतं.

डावी काच स्वतःच्या स्विचने ६, मेन स्विचने ९. मोटर तीच, रबर तेच, काच तीच. बदलला तो फक्त स्विच. म्हणजे मेन स्विचमधला डावीकडचा कॉन्टॅक्ट (बटण दाबल्यावर एकमेकांना टेकणारा धातूचा भाग) काळा पडलाय. ड्रायव्हरचा कॉन्टॅक्ट त्याहून कितीतरी जास्त वापरलेला असतो, तेव्हा तो शाबूत असेल ही आशा सोडा.

इंजिन बंद असताना अडकते, कारण तेव्हा बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. दीड व्होल्ट कमी झाल्याबरोबर काच थांबते, याचा अर्थ सर्किट अगदी काठावर चालतंय.

आता मोजमाप. दाराचं पॅड (आतल्या बाजूचं आवरण) काढा: एक स्क्रू आतल्या हँडलच्या वाटीत, एक-दोन आर्मरेस्टखाली टोपणाआड, आणि आरशाच्या आतलं तिकोनी झाकण काढल्यावर कधी एखादा. मग कडेने प्लास्टिकची पट्टी सरकवत लॉक (पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा) सोडवा आणि पॅड वर उचलून काढा. ओढू नका, स्विचचा कपलर (वायरींचा प्लग) आतून जोडलेला असतो. एवढ्या जुन्या गाडीत पाच-सहा लॉक तुटणारच, आधीच आणून ठेवा. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला.

कपलर सगळे जोडलेलेच ठेवायचे. मीटर डीसी २० व्होल्टवर. पातळ सुई किंवा टाचणी कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने आत सरकवा म्हणजे वायर सोलावी लागत नाही. इंजिन चालू, काच वर जात असताना मोटरच्या दोन वायरींमध्ये किती व्होल्ट येतात ते बघा. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवर किती आहेत तेही. दोन्हींतला फरक दीड व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक म्हणायचं. अडीच-तीनच्या पुढे गेला तर मोटर उपाशी आहे.

नंतर तो फरक कुठे पडतो ते तुकड्या-तुकड्यांनी शोधा: बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या सप्लाय पिनपर्यंत, सप्लाय पिनपासून वर जाण्याच्या आउटपुट पिनपर्यंत, आउटपुटपासून मोटरपर्यंत. तसंच परतीच्या बाजूला: मोटरपासून स्विच, स्विचमधून अर्थ पिन (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी), अर्थ पिनपासून बॅटरीचा मायनस. प्रत्येक मोजणी काच चालू असतानाच. स्विच सोडलेला असताना सगळीकडे ठणठणीत आकडे दिसतात आणि माणूस फसतो.

टेस्ट लॅम्प इथे कामाचा नाही. ५ वॉटचा दिवा अर्धा अँपिअरही ओढत नाही, त्यामुळे जळक्या कॉन्टॅक्टमधूनही लख्ख पेटतो. ओहमवर ठेवलेला मीटरही तसाच: ०.३ ओहमचा अडथळा ८ अँपिअरला २.४ व्होल्ट खातो, पण स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा तेवढा असतो. आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून मोटरच्या रांगेत जोडू नका. काच टोकाला जाऊन थांबली की करंट १५-२० च्याही वर जातो, मीटरचा फ्यूज उडेल.

---

लाल_माती

मीटर लावण्याआधी पाच मिनिटांचं काम: काच पूर्ण खाली करा आणि दाराच्या चौकटीतल्या उभ्या रबरात बोट फिरवा. चांगल्या रबराला आतून मखमलीसारखी लव असते. जुन्यात ती झडून खालचं काळं रबर उघडं पडतं आणि कोरड्या काचेला चिकटतं. त्यात धूळ. कोकणातली जांभ्याची धूळ बारीक, रबराच्या तळाशी दाबून दाबून तिचा थरच बसतो. बोटावर तांबडा-काळा लेप आला तर अर्धा आजार तोच.

साफ करायला जुन्या प्लास्टिक कार्डाला सुती फडकं गुंडाळा, शाम्पूच्या कोमट पाण्यात पिळा आणि चॅनलच्या (काच जिच्यात सरकते त्या रबरी खाचेच्या) तळापर्यंत घालून वर-खाली ओढा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पुढचा उभा चॅनल, मागचा उभा चॅनल आणि वरचा आडवा, तिन्ही. पॅड निघालेलंच असेल तर चॅनलचा दाराच्या आत गेलेला खालचा भागही सोडू नका, सगळी घाण तिथे उतरते. पूर्ण सुकू द्या, मग सिलिकॉन स्प्रे. डब्याची नळी चॅनलमध्ये घालून वरून खाली एकच पातळ थर, काच चार-पाच वेळा वर-खाली, उरलेलं पुसून टाका. समोरच्या काचेवर जाऊ देऊ नका, वायपर फिरल्यावर रात्री काही दिसत नाही. दार रंगवायचं ठरलेलं असेल तर रंगकाम आधी; सिलिकॉन बसलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही.

इंजिन ऑइल, ग्रीस, खोबरेल यांतलं काहीही रबराला नको. खनिज तेलाने रबर फुगतं, आणि कुठलंही ओलं तेल धूळ धरतं. महिनाभराने काच आधीपेक्षा जड. डब्ल्यूडी-४० गंजलेला बोल्ट सोडवायला वापरा, इथे त्याचा थर टिकत नाही.

फिल्म काढली म्हणालात. काचेच्या खालच्या पट्ट्यात, म्हणजे काच बंद असताना दाराच्या आत राहणाऱ्या दोन-तीन इंचांत, गोंद किंवा फिल्मची पट्टी तशीच राहिलेली असते, कारण काढणारा दिसतं तेवढंच काढतो. पॅड काढल्यावर आतून नखाने खरवडून बघा. चिकट लागलं तर काच ओली करून ब्लेड आडवं धरून काढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तो गोंद दाराच्या काठावरच्या आतल्या पट्टीला लागून लागून पट्टीही चिकट झालेली असते, तीही पुसायची.

---

टॉपगिअर_नगर

एवढ्या उठाठेवी कशाला? १८-२० वर्षांची मोटर आहे. मोटरसकट अख्खं मशीन मिळतं, एकदाच पॅड उघडा, टाका आणि मोकळे व्हा. मजुरी एकदाच लागते.

---

बारा_व्होल्ट

मजुरी एकदाच लागते हे खरं, पण मोटरला १० व्होल्टच मिळत असतील तर नवी मोटरही १० व्होल्टवरच चालणार. नवी आहे म्हणून थोडी जोरात, एवढंच. घासणारी काच आणि जळका स्विच तसाच राहिला तर तिचीही गत काही काळाने जुनीसारखीच.

कारण हे दोन दोष एकमेकांना पोसतात. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचा व्होल्टेज तयार करते, म्हणून पूर्ण वेगात ती करंट कमी ओढते. काच जड झाली, वेग उतरला की तो उलटा व्होल्टेज कमी होतो आणि करंट वाढतो. वाढलेला करंट जळक्या कॉन्टॅक्टमध्ये आणखी व्होल्ट गमावतो आणि कॉन्टॅक्ट आणखी तापवतो. वेग अजून उतरतो. म्हणून काच हळूहळू मंदावत नाही. बरेच दिवस चालवून घेते आणि मग एकदम ढेपाळते.

---

कात्रज_घाट

मोजलं. ड्रायव्हरचं दार, इंजिन चालू, काच साधारण मधोमध वर जात असताना:

बॅटरी १४.१. मोटरच्या वायरींमध्ये १०.२.
बॅटरी प्लस ते स्विचची सप्लाय पिन १.१.
सप्लाय पिन ते आउटपुट पिन १.७.
आउटपुट ते मोटर ०.१.
मोटर ते स्विच ०.१, स्विचमधून अर्थ पिनपर्यंत ०.७, अर्थ पिन ते बॅटरी मायनस ०.२.

मग काच वर करून चौकटीला रुंद टेपने तीन ठिकाणी चिकटवली, मशीनचे काचेचे दोन्ही बोल्ट सोडले आणि मशीन नुसतंच फिरवलं. वर-खाली सरसर जातं, आवाज एकसारखा. तेव्हा मोटरवर १२.६ येतात. काच हाताने सरकवून पाहिली: खालच्या अर्ध्यात ठीक, वरच्या चार बोटांत दोन्ही हात लावावे लागतात, आणि मागची बाजू आधी अडकते. रबराची लव पुढच्या चॅनलमध्ये आहे, मागच्यात जवळपास नाही.

---

बारा_व्होल्ट

छान मोजलंय, बेरीजही जुळते: १.१, १.७, ०.१, ०.१, ०.७, ०.२ मिळून ३.९, आणि १४.१ वजा १०.२ म्हणजे ३.९ च.

स्विच एकटा २.४ खातो. १.७ दाबलेल्या बाजूच्या कॉन्टॅक्टमध्ये आणि ०.७ न दाबलेल्या बाजूच्या. अशा साध्या स्विचमध्ये आराम स्थितीत मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला लागलेल्या असतात. वरचं बटण दाबलं की एक बाजू अर्थ सोडून सप्लायला लागते, दुसरी अर्थवरच राहते. म्हणून परतीचा करंटसुद्धा स्विचमधूनच जातो. स्विच साफ करणार असाल तर सगळ्याच बाजू करा.

दुसरी गंमत बघा. वायरिंगचा अडथळा तोच आहे, तरी काच जोडलेली असताना ३.९ पडतात आणि सोडल्यावर १.५. अडथळा तोच धरला तर करंट अडीच पटीच्या आसपास बदललाय. काचेचं वजन त्यात आलंच, पण एवढा सगळा फरक वजनाचा नाही. तुमचा हातच सांगतोय की वरच्या टप्प्यात काच धरते. अँपिअर न मोजता करंटचा अंदाज मिळाला.

मोटर मोकळी असताना सरसर आणि एका आवाजात फिरते. खात्रीसाठी तिला थेट सप्लाय द्या: मोटरचा कपलर काढा, बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी आणा, बॅटरीच्या टोकाजवळ १५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि काच जोडलेली ठेवून वर चालवा. टोकाला पोचताच सोडा, धरून ठेवू नका. ५ सेकंदांत गेली तर मोटर निर्दोष.

सप्लायच्या बाजूचा १.१ ही जास्तच. दोन जागा बघा. फ्यूजबॉक्समधल्या पॉवर विंडोच्या फ्यूजचे पाय आणि तिथलं प्लास्टिक तपकिरी झालंय का. झालं असेल तर आतली पकड ढिली आहे. फ्यूज मोठा टाकू नका, तो वायरीच्या जाडीनुसार दिलेला असतो. दुसरी जागा म्हणजे दार आणि खांब यांच्या मधली रबरी नळी. दार उघडताना-मिटताना वायरी तिथेच वाकतात. नळी एका बाजूने सोडवून मागे सारा आणि प्रत्येक वायर हलकी ओढा. आतून तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. काही तारा तुटून बाकीच्या शिल्लक असतील तर काच चालते, पण हळू. जोड देताना तितक्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घ्या. आणि जोड वाकणाऱ्या जागी नको, दाराच्या आत किंवा खांबाच्या आत घ्या. डाक दिलेली वायर कडक होते आणि वाकणीत त्याच कडेला पुन्हा तुटते.

---

पाना_दहा

मेन स्विच उघडण्याबद्दल, कारण त्यात घाई केली की नवाच आणावा लागतो.

बॅटरीचा मायनस काढा. स्विच पॅडमधून सुटा करा आणि पांढऱ्या ताटात किंवा बाजू वर वळवलेल्या वर्तमानपत्रावर उघडा. वरची बटणं दोन्ही बाजूंच्या खुंटीवर असतात, बाजू किंचित फाकवून निघतात. प्रत्येक बटणाखाली बारीक स्प्रिंग आणि पितळी किंवा प्लास्टिकची टोपी असते. उघडताना ती उडते आणि सीटखाली जाते. म्हणून बटणं वर ठेवूनच उघडा, उलटं करून नाही. एकेक पायरीचा फोटो काढत जा.

आत तांब्याच्या डुलत्या पट्ट्या दिसतील, टोकाला चांदीसारखा टिकला. टिकल्यावर काजळी असेल तर साध्या खोडरबराने जाते. खड्डे पडले असतील तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीच्या आकारात कापून टिकल्यांमध्ये सरकवायचा, वरून बोटाने हलकं दाबून दोन-चारदा ओढायचा, मग बाजू उलटी. कानस नाही, ८० नंबरचा पेपर तर नाहीच: वरचा थर गेला की खालचं तांबं लवकर जळतं. शेवटी आयसोप्रोपिलने पुसून सुकू द्या. पट्टी ज्या टेकूवर डुलते तिथेही करंट वाहतो. लोक टिकल्या चकाचक करतात आणि टेकू विसरतात, तोही घासा.

ग्रीस टोपी जिथे पट्टीवर घसरते तिथे, टाचणीच्या टोकाएवढं, सिलिकॉनचं. टिकल्यांवर काही नको.

प्लास्टिक वितळून टिकला तिरका झाला असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, स्विच बदला. त्यावर पट्टी नीट टेकत नाही, दोन महिन्यांत पुन्हा तेच.

आणि दाराला लावलेली प्लास्टिकची शीट फाडली नसेल अशी आशा आहे. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या आत जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं आणि शीट त्याला आतल्या बाजूला येऊ देत नाही. शीट फाटली की पाणी स्विचवर आणि पायाशी कार्पेटमध्ये. ब्युटाइल टेपने (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) पुन्हा चिकटवा. शीटची खालची कडा पत्र्याच्या आत सोडलेली असते, ती तशीच आत घाला. भोकं तारेने मोकळी करा.

---

कात्रज_घाट

खूप आभार. स्विच उघडला. ड्रायव्हरच्या टिकल्या काळ्या, एका टिकल्यात खड्डा, प्लास्टिक शाबूत. साफ करतोय. रिलेबद्दल कुणी सांगेल का? करायचंच तर आत्ताच, पॅड निघालंय तोवर.

---

मीटरवाला

रिले लावला तर स्विचवर मोटरचा करंट राहत नाही, फक्त रिलेच्या कॉइलचा, तो प्रत्येकी पाव अँपिअरहूनही कमी. स्विच मग वर्षानुवर्षं टिकतो. पण प्रत्येक काचेला दोन रिले लागतात, एकाने मोटर उलटी फिरणार नाही.

जोडणी अशी. ५ पायांचे, १२ व्होल्ट ३० अँपिअरचे रिले घ्या. दोन्हींचा ३० नंबर मोटरच्या एकेका वायरीला. दोन्हींचा ८७ए अर्थला, दोन्हींचा ८७ फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला: २० अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची वायर. स्विचची वर जाण्याची जुनी आउटपुट वायर एका रिलेच्या ८६ ला, खाली जाण्याची दुसऱ्याच्या ८६ ला, दोन्हींचे ८५ अर्थला. बटण न दाबता मोटरची दोन्ही टोकं अर्थवर, म्हणजे मूळ सर्किटसारखंच. चावी बंद असताना स्विचला सप्लाय नाही म्हणून कॉइलही ओढत नाही, काच चालत नाही. चार पायांचे रिले चालणार नाहीत, त्यात ८७ए नसतो.

रिले दाराच्या आत ठेवू नका, ओल लागते. डॅशबोर्डखाली ठेवा. प्लसची नवी वायर इंजिनच्या बाजूने आणताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची कडी) हवाच.

---

पाना_दहा

जोडणी बरोबर आहे, पण मी आत्ता लावू नका म्हणेन. दोन कारणं. काच रबरात अडकत असताना रिलेने १३ व्होल्ट दिले तर काच वर जाईल, रोगही झाकला जाईल, आणि तार व प्लास्टिकच्या सरकपट्टीवर ताण येऊन मशीन तुटेल. तारेच्या मशीनमध्ये आधी तेच तुटतं. दुसरं म्हणजे स्वस्त रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला तर बटण सोडलं तरी काच वर जातच राहते. या गाडीत काच उलटी फिरण्याची सोय नाही. मागे मुलं बसत असतील, खिडकीबाहेर हात असेल. लावायचाच तर नावाजलेल्या कंपनीचा रिले, आणि काच हाताने मोकळी सरकायला लागल्यानंतर.

ज्या गाड्यांत एका टिचकीत काच वर जाते, तिथे कंट्रोलर मोटरचा वेग किंवा करंट बघून अडथळा ओळखतो. तिथे मध्ये रिले घालायचाच नाही.

---

लाल_माती

मोटरबद्दल थोडं, पुढे कुणाला लागेल म्हणून. थेट सप्लायवर काच काढूनही मोटर हळू फिरली तर मोटरच्या आतलं बघायचं. कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेले, ते ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या कॉम्युटेटरच्या फटींत कार्बनची भुकटी, किंवा गिअरच्या खोक्यातलं ग्रीस मेणासारखं घट्ट. ग्रीस बदलायचं तर जुनं पूर्ण काढून प्लास्टिकला चालणारं लिथियम ग्रीस. नायलॉनच्या चाकाच्या दातांना आणि वर्मला (मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या आट्यांना) लागेल इतकंच, ठासून भरायचं नाही. दात खाल्ले असतील तर कट-कट आवाज येतो, काच तिथल्या तिथे झटके खाते.

एकसारखी दहा-बारा वेळा वर-खाली केली आणि मोटर एकदम मेली तर घाबरू नका. तापल्यावर तोडणारा संरक्षक मोटरच्या आतच असतो, थंड झाली की चालते. वारंवार होत असेल तर काच जड आहे एवढं समजायचं.

कात्रीचं मशीन असणाऱ्यांनी मात्र सांभाळा. त्याला काचेचं वजन तोलणारी चपटी गुंडाळलेली स्प्रिंग असते. काच सुटी करून मोटरचे तीन बोल्ट काढले की हात जोरात फिरतो, बोट मोडण्याइतका. आधी मशीनचा हात आणि पत्रा आरपार बोल्टने किंवा मजबूत क्लॅम्पने जखडायचा, मगच मोटरला पाना लावायचा.

---

कात्रज_घाट

स्विच साफ केला, तिन्ही चॅनल धुऊन सिलिकॉन मारलं, काचेच्या खालच्या पट्ट्यातला फिल्मचा गोंद ब्लेडने काढला (होता, दोन इंचांचा पूर्ण पट्टा). फ्यूजचा पाय काळपट होता, तोही घासला. रबरी नळीतल्या वायरी ठीक.

आता बॅटरी १४.१ असताना मोटरवर १२.६. वर ५ ते ६ सेकंद, खाली ४ ला थोडं कमी. डावी काच दोन्ही स्विचने ५. मोटर बदलत नाही. ड्रायव्हरची काच मात्र शेवटच्या चार बोटांत अजून किंचित मंदावते, मागची बाजू आधी टेकल्यासारखी वाटते.

---

पाना_दहा

काच तिरकी चढतेय. मागच्या चॅनलची लव गेल्याने ती बाजू जास्त धरते आणि पुढची बाजू पुढे निघते.

काच पूर्ण वर करून वरच्या रबरात बसवा. पॅड काढलेल्या भोकांतून मशीनला काच धरणारे दोन बोल्ट दिसतील, १० चा पाना. दोन्ही अर्धा फेरा सैल करा, काढू नका. मागच्या उभ्या चॅनलला खाली पत्र्यात एक बोल्ट असतो, तोही सैल करा. बाहेरून काच दोन्ही हातांनी वर दाबून धरायला कुणाला तरी सांगा, वरची कडा रबरात सगळीकडे सारखी शिरली की आधी काचेचे बोल्ट आवळा. जोर लावू नका, काचेच्या भोकातली प्लास्टिकची बुशी फुटते. चॅनलचा बोल्ट अजून सैलच ठेवून काच दोनदा वर-खाली करा, चॅनल आपली जागा घेईल. मग काच खाली तीन-चतुर्थांश असताना तो बोल्ट आवळा.

तरीही वर धरली तर मागचं चॅनल रबर बदला. मीटरच्या मापाने कापून मिळणारं सपाट रबर नको, गाडीच्याच मापाचं, कोपरा वळवलेलं, आतून लव असलेलं घ्या. घालताना गोंद लागत नाही. साबणाच्या पाण्याने ओलं करून आधी वरचा कोपरा बसवा आणि तिथून खाली दाबत या. खालून सुरुवात केली की कोपऱ्यात रबर कमी पडतं आणि पावसात तिथूनच गळतं.